बाई, भिंतीवरचं पुसायला सांगितलं तर?

वाचकांचे प्रश्न, चित्रकलेच्या बाईंची उत्तरं

गेल्या महिन्यात शाळेच्या बोलक्या भिंतींबद्दल लिहिताना थॉमस हार्ट बेंटन या अमेरिकन भित्तिचित्रकाराचं नाव मी दोन ओळींत घेतलं आणि पुढे गेले. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी जागा त्यालाच द्यायची ठरवली. मला त्याच्याबद्दल बोलायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. माझी लेक कॅन्सस सिटीला राहते. तिच्याकडे पाच महिने होते, तेव्हा मी या माणसाचं घर तीनदा आणि त्याची मिझुरीतली मोठी भिंत दोनदा पाहून आले.

प्रश्न : बाई, हा बेंटन मूळचा कोण? चित्रकाराच्या घरात जन्मला होता का? (एक वाचक, अकोला)

छे, राजकारण्याच्या घरात. मिझुरी राज्यातलं निओशो हे छोटं गाव, जन्म १५ एप्रिल १८८९. त्याच नावाचे त्यांच्या घराण्यातले एक पूर्वज तीस वर्षं अमेरिकेच्या सिनेटवर होते. वडील वकील, १८९७ ते १९०५ अमेरिकेच्या संसदेत (तिला काँग्रेस म्हणतात) निवडून गेलेले. मुलाला ते नाव दिलं, ते त्यानं तीच गादी चालवावी म्हणून. मुलगा मात्र कागदावर रेघोट्या ओढत बसायचा. वडिलांना ते अजिबात पसंत नव्हतं, आईनं मात्र पाठीशी घातलं. आपल्याकडेही ‘चित्रकला’ म्हटल्यावर घराघरात हेच होतं, म्हणून मला हा बाप परका वाटत नाही.

सतराव्या वर्षी जॉप्लिन नावाच्या खाणकामगारांच्या गावात तो वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायला लागला. तिथून १९०७ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये, मग पॅरिस. परत येऊन १९१२ पासून न्यूयॉर्कमध्ये. त्या काळात चित्रकलेत जो जो ‘वाद’, म्हणजे नवा पंथ, निघाला तो त्यानं करून पाहिला. हाती फारसं काही लागलं नाही. १९१८ मध्ये नौदलात भरती झाला, नॉरफोकच्या तळावर जहाजं आणि इमारती जशा आहेत तशा काढायचं काम मिळालं. समोरची वस्तू नीट बघायची सवय तिथं लागली, असं तो स्वतः सांगायचा.

मला विचाराल तर खरा बदल १९२४ सालचा. वडील शेवटच्या आजारात होते, आणि हा उशाशी बसून होता. त्यांचे जुने राजकारणातले सोबती, खेड्यापाड्यांतली माणसं, भेटायला येत, गप्पा मारत बसत. ज्या जगातून आपण पळालो त्या जगाची भाषा, त्या जगातली माणसं त्यानं तेव्हा ऐकली आणि पाहिली. त्यानंतर तो पाठीवर पिशवी टाकून फिरायला लागला. डोंगरातल्या वस्त्या, कापसाची शेतं, तेलाच्या विहिरी, पोलादाचे कारखाने, नदीवरच्या बोटी. भेटेल त्याचं चित्र वहीत. पुढची पन्नास वर्षं त्याच्या भिंतींवर जी माणसं आली ती या वह्यांमधून आलेली आहेत.

प्रश्न : त्याची चित्रं मोबाइलवर पाहिली. माणसांचे हात-पाय रबरासारखे वळलेले, ढगसुद्धा पिळलेले. त्याला शरीररचना येत नव्हती का? (बी.एफ.ए.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

येत होती, बाळ. अगदी पक्की येत होती. आणि ढग पिळलेले आहेत हे तुला दिसलं, म्हणजे उत्तराच्या अर्ध्या वाटेवर तू पोचली आहेस.

बेंटननं १९२६-२७ मध्ये एका कलाविषयक मासिकात रचनेवर लेखमाला लिहिली, आकृत्या काढून. त्यातली मुख्य गोष्ट अशी. चित्राच्या चौकटीत मनातल्या मनात एक खांब उभा करायचा. दिसणार नाही असा. मग सगळे आकार त्या खांबाभोवती वळवत न्यायचे. इकडे फुगवटा आला की समोरच्या बाजूला जरा वर किंवा जरा खाली तसाच दुसरा. मांडवाच्या काठीवर कारल्याचा वेल चढतो ना, तसं. मोठ्या भिंतीवर असे अनेक खांब, आणि एकाचा वेल दुसऱ्यावर गेलेला. त्यामुळे शेतकऱ्याची पाठ, मागचा धूर आणि त्यामागची टेकडी एकाच वळणात येतात. तीस-चाळीस फुटांच्या भिंतीवर चालत चालत चित्र बघणाऱ्याची नजर कुठं अडत नाही, ती यामुळे.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. रंगाला हात लावायच्या आधी तो सगळी रचना मातीत करायचा. प्लॅस्टिसिन म्हणजे तेलात मळलेली, न वाळणारी माती. तिची वीतभराच्याही आतली माणसं, घोडे, इंजिनं, झाडं करून उथळ चौकटीत मांडायची आणि एका बाजूनं दिवा लावायचा. सावली कुठं पडते, कोण कुणाच्या आड जातं, कुणाचा गुडघा पुढं येतो, हे सगळं तिथं ठरायचं. व्हेनिसचा जुना चित्रकार तिंतोरेत्तो असं करायचा हे वाचून त्यानं ते उचललं होतं. मातीवरून रेखाटन, रेखाटनावरून रंगीत लहान चित्र, त्यावर चौकोन आखून मोठ्या पृष्ठभागावर. तुला जे रबर वाटतं ती खरं तर माती आहे.

तू एकदा करून बघ. सुट्टीच्या दिवशी बुटाच्या खोक्यात पाच माणसं बसव आणि टेबल लॅम्प लाव. फोटोवरून काढलेल्या पाच माणसांत आणि या पाचांत किती फरक पडतो ते मला लिहून कळव.

प्रश्न : जॅक्सन पोलॉक त्याचा विद्यार्थी होता म्हणतात. रंग शिंपडणारा पोलॉक आणि हा? (एक वाचक, डोंबिवली)

होय. १९३० पासून न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये. नुसता वर्गातला विद्यार्थी म्हणता येणार नाही, घरातलाच होता. बेंटन माउथ ऑर्गन वाजवायचा, घरी लोकगीतांच्या बैठका व्हायच्या, पोरं जेवायला असायची, आणि बेंटनची बायको रीटा सगळ्यांचं करायची. पुढं पोलॉकनं माणसं, शेतं, घोडे सगळं टाकून दिलं. पण त्याचं कुठलंही मोठं चित्र घ्या आणि वरच्या उत्तरातले खांब शोधा. मला तरी दिसतात.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर मी गावचा बाजार रंगवला. त्यात दारूच्या दुकानासमोर बसलेला एक माणूस होता. गावकरी म्हणाले, गावाची बदनामी होते, पुसा. मी पुसला. बेंटनवर कधी अशी वेळ आली का? (एक शिक्षक, नाशिक जिल्हा)

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी माझं सांगते, मग त्याचं.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एका शाळेच्या व्हरांड्यात हापशावर भांडी घासणाऱ्या बायका रंगवल्या होत्या. सव्वीस दिवस लागले. मुलींनी स्वतःच्या आयांच्या पातळांचे रंग मला येऊन सांगितले होते. तपासणी आली, कुणीतरी म्हणालं, शाळेत खरकटी भांडी कशाला, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मी परत आले तर त्या जागी फिकट निळा डिस्टेंपर. मला विचारलंही नव्हतं. ओला रंग अजून हाताला लागत होता. तो निळा मी पुढं कुठल्याच भिंतीवर वापरला नाही.

आता बेंटन. १९३५ मध्ये तो न्यूयॉर्क कायमचं सोडून कॅन्सस सिटीला आला, तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला. त्याच सुमारास मिझुरीच्या विधानभवनातली एक खोली रंगवायचं काम त्याला मिळालं. जेफरसन सिटीत, प्रतिनिधीगृहाच्या सभासदांची बसायची खोली. मानधन १६,००० डॉलर, मंदीच्या दिवसांत ही रक्कम डोळ्यात भरणारी. त्यानं आधी राज्यभर फिरून माणसांची रेखाटनं केली, आणि डिसेंबर १९३६ मध्ये चित्र पुरं झालं. नाव ‘मिझुरी राज्याचा सामाजिक इतिहास’.

लोकांना वाटलं होतं राज्यपाल येतील, सेनापती येतील. आत जाऊन बघतात तो काय? एक व्यापारी तिथल्या मूळ रहिवाशाला, रेड इंडियन माणसाला, व्हिस्की देऊन माल घेतो आहे. गुलामावर चाबूक उगारलेला आहे. मॉर्मन पंथाच्या लोकांना हुसकावून लावलं जातंय. दाराच्या वर एकीकडे मार्क ट्वेनच्या कादंबरीतले हकलबरी फिन आणि जिम, एकीकडे दरोडेखोर जेसी जेम्स आगगाडी लुटतोय, आणि तिसरीकडे लोकगीतातली फ्रँकी आपल्या जॉनीला गोळी घालतेय. कॅन्सस सिटीच्या भागात टॉम पेंडरगास्ट खुर्चीत बसलेला. या माणसानं शहराचं राजकारण मुठीत ठेवलं होतं, १९३६ मध्ये त्याची सद्दी चालू होती, आणि आमदार ज्या खोलीत चहा-कॉफी प्यायला बसणार तिथंच तो आता रोज दिसणार होता. (तीन वर्षांनी तो करचुकवेगिरीत तुरुंगात गेला.)

पण सगळ्यात जास्त ओरड कशावरून झाली असेल? राजकीय सभेच्या गर्दीत एक बाई तान्ह्या बाळाचं ढुंगण पुसते आहे, त्यावरून. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते. बाई भाषणाकडे बघत नाही. तिला तेवढा वेळच नाही. वर मोठमोठ्यानं काहीतरी सांगणारा माणूस, खाली ही आपलं काम उरकते आहे. सभेला लेकरं घेऊन आलेल्या बायका आपण कमी पाहिल्यात का? माझ्या शेजारी दुसऱ्या राज्यातून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजी त्या बाळाकडे बोट दाखवून हसल्या, मीही हसले. भाषेची गरज पडली नाही.

आमदार चिडले. चुना फासून टाका, अशी भाषा झाली. वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने पत्रं येत राहिली. बेंटन काय करत होता? तो सभांना जात होता. क्लबात, हॉलमध्ये, जिथं बोलावतील तिथं उभा राहून लोकांच्या तोंडावर सांगत होता की हे असंच घडलेलं आहे. राजकारण्याचा मुलगा होता, भर सभेत उत्तर देणं रक्तात होतं. त्यानं एक रेघही बदलली नाही. चुना लागला नाही. आज त्याच खोलीत शाळेच्या सहली येतात.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये काय झालं होतं तेही सांगते. मेक्सिकोचा दिएगो रिव्हेरा, जो बेंटनला पॅरिसमध्ये भेटलेला, त्यानं रॉकफेलर सेंटरच्या भिंतीवर रशियाचा साम्यवादी नेता लेनिन याचा चेहरा रंगवला. तो चेहरा पुसायला रिव्हेरा तयार नाही म्हटल्यावर फेब्रुवारी १९३४ मध्ये सगळं चित्र फोडून टाकलं. रिव्हेरानं ओल्या गिलाव्यावर रंगवलं होतं, रंग भिंतीचाच झालेला, हलवायचं म्हटलं तरी हलत नाही. बेंटन मात्र बहुतेक वेळा कापड चिकटवलेल्या फळ्यांवर रंगवायचा आणि फळ्या भिंतीवर बसवायचा. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलसाठी १९३०-३१ मध्ये केलेलं ‘अमेरिका टुडे’ हे त्याचं दहा फळ्यांचं चित्र त्यामुळेच टिकलं. शाळेनं ते १९८० च्या दशकात विकलं, एका विमा कंपनीनं घेतलं, आणि २०१२ मध्ये त्याच कंपनीनं ते मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिलं.

म्हणून सर, तुम्हाला दोन गोष्टी सांगते. पुढचा बाजार रंगवाल तेव्हा मध्येच गावकऱ्यांना बोलवा, रेखाटनं दाखवा, त्यांच्यातलीच माणसं बसवून काढा. आपला मामा भिंतीवर असला की माणूस चुना आणायला जात नाही. आणि ज्या भागाबद्दल धाकधूक वाटते तो प्लायवर करा. उतरवावा लागला तर तुमच्या घरी तरी राहील. माझ्या भांडी घासणाऱ्या बायका आता कुठंच नाहीत, फोटोसुद्धा नाही.

प्रश्न : माझा मुलगा ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात शिकतो. तिथल्या एका वर्गात बेंटनचं चित्र आहे म्हणून तो वर्गच बंद केला म्हणे. एवढ्या मोठ्या चित्रकाराचा हा अपमान नाही का? (एक पालक, पुणे)

नाही. मला तसं वाटत नाही, आणि का ते नीट सांगायला हवं.

१९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी इंडियाना राज्यानं बेंटनकडून आपला इतिहास रंगवून घेतला. बावीस फळ्या, बारा फूट उंच, ओळीनं लावल्या तर अडीचशे फूट. संशोधनापासून शेवटच्या हातापर्यंत सुमारे सहा महिने. प्रदर्शन संपल्यावर फळ्या धूळ खात पडल्या, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्या मागून घेतल्या आणि १९४१ पर्यंत वेगवेगळ्या इमारतींत लावल्या. दोन फळ्या वुडबर्न हॉलच्या मोठ्या व्याख्यानकक्षात गेल्या. त्यातल्या एकीवर मागच्या बाजूला कू क्लक्स क्लॅन या काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीतले पांढरे टोपडेवाले आणि जळता क्रूस आहे.

बेंटननं ते क्लॅनच्या कौतुकासाठी काढलेलं नाही. १९२० च्या दशकात इंडियानाचं राजकारण त्या टोळीच्या हातात होतं. तिचा म्होरक्या १९२५ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, आणि एका वर्तमानपत्रानं टोळीशी राजकारण्यांचे लागेबांधे बाहेर काढले म्हणून त्याला १९२८ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं. चित्रात पुढं, अगदी जवळ, एक परिचारिका आजारी काळ्या आणि गोऱ्या मुलांची शुश्रूषा करते आहे. बाजूला पत्रकार आणि छापखाना. क्लॅन लांब आणि लहान. ज्यांनी टोळी मोडली ते मोठे, टोळी बारीक. रचना बोलते, पण ती जवळ जाऊन, थांबून वाचावी लागते.

आणि नेमका तोच मुद्दा आहे. मी बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिले. मागच्या बाकावरून मुलाला परिचारिकेच्या चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही, पांढरी टोकदार टोपडी तेवढी दिसतात. ज्याच्या पणजोबांना अशाच टोपडेवाल्यांनी मारलं, त्या मुलानं रसायनशास्त्राचा पेपर त्याखाली बसून लिहायचा? संग्रहालयात माणूस स्वतःहून जातो, नको वाटलं तर निघून येतो. तासाला बसलेल्या मुलाला ती मोकळीक नसते. २०१७ मध्ये विद्यापीठानं चित्र पुसलं नाही, झाकलं नाही, हलवलंही नाही. त्या खोलीत तास घेणं थांबवलं, इतकंच. ज्याला बघायचं आहे त्यानं बघायला जावं. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. तुमच्या मुलाला माझा निरोप द्या, एकदा जवळ जाऊन परिचारिकेचे हात बघ म्हणावं.

इथंच आणखी एक सांगायला हवं, कारण मी त्याचं फार कौतुक करते आहे. १९४१ मध्ये कॅन्सस सिटीतली त्याची शिकवण्याची नोकरी गेली. समलिंगी पुरुषांनी संग्रहालयं ताब्यात घेतलीत, अशा अर्थाचं अत्यंत घाणेरड्या भाषेत तो पत्रकारांसमोर बोलला होता. त्यानं दुखावलेल्या माणसांचा काहीएक दोष नव्हता. खेडुतांना, काळ्या मजुरांना, नाचगाण्यातल्या बायकांना भिंतीवर जागा देणाऱ्या माणसाचं मन इथं इतकं लहान कसं झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न : त्याचा शेवट कसा झाला? (एक वाचक, सावंतवाडी)

काम करता करता. सत्तरी ओलांडल्यावर त्यानं इंडिपेन्डन्स गावी माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या ग्रंथालयाची भिंत केली. पायाडावर चढलेल्या ट्रुमन यांच्या हाती ब्रश देऊन थोडं आकाश त्यांच्याकडून रंगवून घेतलं. शेवटचं काम नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमसाठी, सहा फूट बाय दहा फूट, लोकसंगीताच्या उगमांचं. १९ जानेवारी १९७५ ला रात्री जेवून तो घरामागच्या स्टुडिओत गेला, चित्र मनासारखं वाटलं तर सही करायची म्हणून. तिथंच गेला. पंच्याऐंशी वर्षांचा होता. रीटा त्याच्या मागोमाग, तीन महिन्यांच्या आत गेली. चित्रावर सही नाही.

तो स्टुडिओ अजून तसाच ठेवलेला आहे. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत खोचलेले ब्रश, काहींचे केस झिजून बोटाच्या पेराएवढे उरलेले. आपले साइनबोर्डवाले पेंटरही असाच ब्रश टाकत नाहीत, बारीक रेघेला राखून ठेवतात. मला तिथून निघवेना.

प्रश्न : तो अंड्याच्या रंगानं रंगवायचा असं तुम्ही लिहिलं होतं. आम्हाला जमेल का? (एका शाळेचा चित्रकला मंडळ गट, सातारा)

जमेल की! ‘अमेरिका टुडे’साठी त्यानं मानधन घेतलंच नव्हतं, रंगात घालायच्या अंड्यांचा खर्च तेवढा मागितला होता.

आधी फळी. प्लायवूडवर जुनं सुती कापड सरसानं चिकटवा. सरस पातळ करून त्यात व्हायटिंग पावडर (खडूची बारीक पूड) कालवा, चार-पाच पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, शेवटी पॉलिश पेपरनं घासा. हाताला अंड्याच्या कवचासारखं गुळगुळीत लागलं पाहिजे.

मग अंडं. पांढरं काढून टाका. बलक तळहातावर घ्या, दुसरा हात पुसा, बलक त्या हातावर घ्या, असं चार-पाच वेळा इकडून तिकडे करा, म्हणजे चिकट पाणी निघून जातं. नंतर बलक दोन बोटांच्या चिमटीत अलगद धरून खालून टाचणीनं टोचा. पिवळा रस वाटीत पडतो, बोटांत नुसतं साल राहतं, ते फेकून द्या. रसात चमचाभर पाणी. रंगपूड वेगळ्या बशीत पाण्यात घोटून ठेवा आणि लागेल तशी रसात मिसळा.

हा रंग हां हां म्हणता वाळतो, त्यामुळे पोस्टर कलरसारखा पसरवता येत नाही. बारीक ब्रशनं लहान लहान रेघा शेजारी शेजारी ओढायच्या, छटा हवी असेल तर वरून पुन्हा आडव्या रेघा. बाहेरच्या भिंतीवर अजिबात नको, एका पावसाळ्यात जाईल. उरलेला रंग दुसऱ्या दिवशी वास मारतो, रोज ताजा करा. आणि काम झालं की वाट्या, बश्या, ब्रश लगेच थंड पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं अंडं शिजतं, मग ते ब्रशच्या मुळातून निघत नाही.